ट्रेकसाठी वॉकीटॉकी घेताय? खोक्यावरचे किलोमीटर सोडा, आधी फ्रिक्वेन्सी बघा

अकोले : कळसूबाई, हरिश्चंद्रगड, रतनगड आणि सांदण दरीच्या पट्ट्यात काजव्यांच्या दिवसांपासून ते दिवाळीपर्यंत मुंबई-पुण्याच्या पाहुण्यांची रीघ असते. बारी, पाचनई, रतनवाडी, साम्रद या गावांतली पोरं वाटाडे म्हणून त्यांच्याबरोबर जातात. पंचवीस-तीस जणांची पार्टी असली की एक वाटाड्या पुढं, एक शेवटी. मधे अर्धा-पाऊण किलोमीटरची रांग. धुकं उतरलं की दहा हातांवरचं दिसत नाही, आणि मोबाईलची रेंज तर बऱ्याच ठिकाणी गाव सोडल्यावरच गेलेली असते. मागं कुणाचा पाय मुरगळला, कुणी चुकीच्या ढोरवाटेला लागलं, हे पुढच्याला कळायचं कसं? हाका मारून घसा बसतो. वाऱ्यात हाकही पोचत नाही.

म्हणून आता बरेच जण वॉकीटॉकी घ्यायचं म्हणतात. ऑनलाइन बघितलं तर ढिगानं पर्याय दिसतात, आणि प्रत्येकावर 'दहा किलोमीटर', 'सोळा किलोमीटर' असं ठळक छापलेलं असतं. चुकीचा सेट घेतला तर नुकसान दुहेरी होतं. ऐन वेळेला आवाज पोचत नाही आणि वर कायद्याचा त्रास मागं लागू शकतो. पैसे घालण्याआधी एवढं वाचून घ्या.

आधी कायद्याचं

आपल्या देशात वायरलेस सेट हा मोबाईलसारखा कुणीही घ्यावा आणि वापरावा असा प्रकार नाही. १९३३ च्या वायरलेस टेलिग्राफी कायद्यापासून असा सेट परवान्याशिवाय नुसता जवळ बाळगायलाही मनाई आहे. मात्र कमी ताकदीच्या सेटसाठी सरकारनं काही पट्टे परवान्यातून मोकळे ठेवलेत. ट्रेकला जाणाऱ्या माणसाच्या कामाचे त्यातले दोन.

पहिला पट्टा ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्‌झ. २०१८ च्या नियमांनी तो मोकळा झाला. या पट्ट्यातले सेट साधारण अर्ध्या वॅटचे असतात. दुसरा पट्टा ८६५ मेगाहर्ट्‌झच्या आसपासचा. तो २००५ मध्ये ८६५ ते ८६७ एवढा खुला झाला आणि २०२१ मध्ये ८६८ पर्यंत वाढवला. टोलनाक्यावर गाडीचा फास्टॅग वाचला जातो तोही याच पट्ट्यात. इथं एक वॅटपर्यंतच्या ट्रान्समीटरला मुभा आहे.

या दोन पट्ट्यांबाहेरचा सेट दिसला की सावध व्हा. बाजारात सर्रास मिळणारे चिनी 'ड्युअल बँड' सेट १३६ ते १७४ आणि ४०० ते ५२० मेगाहर्ट्‌झ असे ऐसपैस चालतात. ताकद पाच वॅटच्या घरात, किंमत कमी, दिसायलाही दणकट. म्हणून तेच जास्त खपतात. पण परवाना नसलेल्या माणसाला ते वापरता येत नाहीत. अशा सेटवरून नकळत पोलिसांच्या किंवा आपत्ती यंत्रणेच्या बोलण्यात अडथळा येऊ शकतो, आणि चौकशी झाली तर 'आम्हाला माहीत नव्हतं' याला काही अर्थ राहत नाही. परदेशातून कुणी नातेवाइकानं आणलेला सेटही तपासून घ्यावा. अमेरिकेत विनापरवाना चालणारे सेट ४६२ आणि ४६७ मेगाहर्ट्‌झचे असतात. तिकडं ते कायदेशीर, इकडं नाहीत.

हा प्रकार इतका वाढला, की मे २०२५ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं वॉकीटॉकी विकणाऱ्या ऑनलाइन कंपन्यांना नोटिसा काढल्या आणि त्याच महिन्याच्या अखेरीस अशा विक्रीसाठी नियमावली आणली. सेट कोणत्या फ्रिक्वेन्सीवर चालतो आणि त्याला 'ईटीए' म्हणजे उपकरणाची सरकारी प्रकार-मान्यता आहे का, हे विक्रेत्यानं आता सांगायलाच हवं. ही मान्यता दूरसंचार विभागाची डब्ल्यूपीसी ही शाखा देते. तेव्हा विकत घेताना दोनच प्रश्न विचारा : फ्रिक्वेन्सी किती? ईटीए नंबर कुठाय? दुकानदार 'सगळं चालतं हो' म्हणाला तर दुसरं दुकान बघा. बिलावर मॉडेल नंबर लिहून घ्या आणि ते बिल फोनमध्ये फोटो काढून ठेवा. नाक्यावर कुणी विचारलं तर दाखवायला काहीतरी हातात असतं. ऑनलाइन फसगत झालीच तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते.

ज्यांना मोठ्या ताकदीचे सेट खरोखर वापरायचे आहेत त्यांच्यासाठी हॅम रेडिओचा रस्ता आहे. वयाची बारा वर्षं पूर्ण झालेल्या कुणालाही परीक्षा देऊन परवाना घेता येतो, आणि मग १४४ ते १४६ व ४३४ ते ४३८ मेगाहर्ट्‌झसारखे पट्टे खुले होतात. पण हॅमचा परवाना धंद्यासाठी चालत नाही आणि समोर बोलणाऱ्याकडंही परवाना लागतो. त्यामुळं पैसे घेऊन पाहुणे नेणाऱ्या वाटाड्यांना तो उपयोगाचा नाही. गावातल्या कॉलेजच्या पोरांनी मात्र जरूर बघावं, शिकण्यासारखं बरंच आहे.

सॅटेलाइट फोनचा विचार तर मनातही आणू नका. परवानगीशिवाय तो जवळ सापडला की थेट गुन्हा. डिसेंबर २०२४ मध्ये गोव्यात दाबोळी विमानतळावर एका कॅनडियन महिलेला सॅटेलाइटवरून संदेश पाठवणाऱ्या यंत्रासह अडवलं होतं. तिच्या देशात ते यंत्र ट्रेकर लोक सर्रास पाठीवर लावून फिरतात. पाहुण्यांमध्ये कुणी परदेशी असेल तर निघण्याआधीच विचारून घ्या.

'सोळा किलोमीटर' येतात कुठून

या सेटच्या लहरी जवळपास सरळ रेषेत जातात. समोरचा दिसतो तिथं आवाज जातो, मधे डोंगर आला की संपलं. झाडीतून थोडंफार निभतं, कातळातून नाही. सपाट माळावर दोन माणसं उभी राहिली तर पृथ्वीच्या गोलाईमुळंच हिशोबाची हद्द दहा किलोमीटरच्या आसपास येते, आणि जमिनीला घासून जाणारी लहर त्याच्या कितीतरी आधी मरते. उलट एक माणूस उंच कड्यावर आणि दुसरा खाली उघड्या माळावर असला तर अर्ध्या वॅटवरही लांबपर्यंत स्वच्छ ऐकू येतं. खोक्यावरचा आकडा असल्या सोयीच्या जागेवरचा असतो. खोटा म्हणता येत नाही, पण आपल्या कामाचाही नाही.

ताकद वाढवून फरक पडेल असं वाटतं, तोही पडतो थोडाच. वॅट दुप्पट केले तर अगदी मोकळ्या जागेतसुद्धा अंतर दीडपट होत नाही. सोंडेच्या पलीकडं गेलेल्या माणसाला पाच वॅट काय आणि अर्धा वॅट काय, दोन्ही सारखेच मुके.

म्हणून सह्याद्रीत सेटपेक्षा माणूस कुठं उभा आहे याला जास्त किंमत आहे. हरिश्चंद्रगडाच्या वाटेचं घ्या. पाचनईकडून चढणारी पार्टी कड्याच्या पोटातून जाते, तिथून मंदिराजवळच्या माणसाशी थेट बोलणं होईलच असं नाही. पण मधल्या उघड्या टेपाडावर तिसरा सेट घेऊन एक जण थांबवला, तर तो खालचं वर आणि वरचं खाली सांगू शकतो. दोन सेट घेण्यापेक्षा तीन घ्यावेत ते याचसाठी. पाचव्या-सहाव्या सेटची गरज मोठ्या दिंडीसारख्या गर्दीला लागते, ट्रेकला नाही.

सांदणचा प्रकार आणखी वेगळा. दोन्ही बाजूंना उभे कातळ आणि मधे चिंचोळी घळ. सरळ तुकड्यात आवाज बरा जातो, वळण आलं की तुटतो. दोरावरून उतरवताना मात्र तिथं सेटसारखी दुसरी सोय नाही. वरचा माणूस आणि खालचा माणूस एकमेकांना दिसत नसतात, आणि 'दोर सोड' की 'दोर धर' यात गल्लत झाली तर जिवावर बेततं. अंतर पन्नास-शंभर फुटांचंच असतं, साधा अर्ध्या वॅटचा सेट भागवतो. हात दोरात गुंतलेले असतात म्हणून कानातला इअरफोन आणि कॉलरला लावायचा माइक घेतला तर पैसे वसूल.

सेट हातात घेऊन काय बघायचं

पाणी पहिलं. आपल्याकडं पावसाळ्यात आडवा पाऊस दिवस-दिवस झोडपतो. 'वॉटरप्रूफ' या शब्दावर जाऊ नका, आयपी नंबर बघा. दोन आकड्यांतला पहिला धुळीचा आणि दुसरा पाण्याचा. आयपी५४ म्हणजे शिंतोडे सोसतो. आयपी६७ म्हणजे मीटरभर पाण्यात अर्धा तास पडला तरी तगतो. पावसाळी वाटाड्यानं दुसराच बघावा, आणि चार्जिंगच्या भोकावरचं रबरी झाकण घट्ट बसतं का ते बोटानं दाबून बघावं. झाकण सैल असलं तर नंबर नुसता कागदावर राहतो.

बॅटरीचं म्हणाल तर यूएसबी-सीवर चार्ज होणारा सेट सोयीचा. मोबाईलचीच पॉवर बँक चालते. गडावर दोन रात्री मुक्काम असेल तर साध्या पेन्सिल सेलवर चालणारा सेटही वाईट नाही, सेल राजूरच्या कुठल्याही दुकानात मिळतात. बोलताना बॅटरी सगळ्यात जास्त खाल्ली जाते, नुसतं ऐकताना कमी. आवाजावर आपोआप चालू होण्याची 'व्हॉक्स' नावाची सोय बंदच ठेवा. वाऱ्याच्या झोतानं सेट आपणहून चालू राहतो, बॅटरी संपते आणि सगळ्यांच्या कानात नुसता घोंगावा.

४४६ च्या पट्ट्यात सोळा चॅनेल बसतात. त्यावर '३८ प्रायव्हसी कोड' अशी जाहिरात असते, ती फसवी आहे. कोड लावला की दुसऱ्यांचं बोलणं तुमच्या सेटवर येत नाही एवढंच. तुमचं बोलणं त्याच चॅनेलवरचा कुणीही ऐकू शकतो. पाहुण्याचा फोन नंबर, पैशाचा व्यवहार असलं काही त्यावर बोलू नका.

एक चूक फार जण करतात. एकानं ८६५ चा सेट घेतला, दुसऱ्यानं ४४६ चा, आणि गडाखाली आल्यावर कळतं की दोघांचं एकमेकांशी बोलणंच होत नाही. गावातल्या वाटाड्यांनी आधी बसून एकच पट्टा ठरवावा. दोन्ही कायदेशीर आहेत. झाडीच्या वाटांना ४४६ थोडा उजवा पडतो, कारण त्याची लहर लांब असते. कंपनी वेगळी असली तरी चालते, चॅनेल आणि कोड तेवढा जुळवून घ्यावा लागतो.

मोबाईलमधलं वॉकीटॉकी ॲप चालेल का, असंही विचारतात. ती ॲपं इंटरनेटवर चालतात. जिथं रेंज नाही तिथं ती नाहीत, आणि जिथं रेंज आहे तिथं सरळ फोनच लावा की.

वापरायची रीत

बटण दाबून एक क्षण थांबायचं आणि मगच बोलायचं, नाहीतर पहिला शब्द कापला जातो. 'नको उतरू' मधला 'नको' कापला गेला तर काय होईल, विचार करा. वाक्य छोटं ठेवा, शेवटी 'ओव्हर' म्हणा, समोरच्यानं सूचना परत म्हणून दाखवल्याशिवाय काम सुरू करू नका. सेट तोंडासमोर उभा धरा, अँटेना आभाळाकडं. पट्ट्याला लटकवलेल्या सेटचा निम्मा आवाज माणसाचं अंगच खातं.

सेट दिवसभर चालू ठेवणं जमत नसेल तर वेळा ठरवा. दर तासाला, ठोक्यावर, पाच मिनिटं. आवाज आला नाही तर पुढच्यानं जागीच थांबायचं, हे निघण्यापूर्वीच सगळ्यांसमोर सांगून टाका.

आणि सगळ्यात महत्त्वाचं : वॉकीटॉकीवरून ११२ लागत नाही. दरीतून सेटवर कितीही ओरडलं तरी ॲम्ब्युलन्स निघत नाही. वाटेवर जिथं मोबाईलला रेंज येते अशा जागा स्थानिक पोरांना पाठ असतात. त्यातल्या एका जागेवर सेट आणि चार्ज केलेला फोन घेऊन एक माणूस बसवायचा. खालून सेटवर निरोप, वरून फोनवर ११२. तो बसवायला माणूस नसेल तर निदान ती जागा सगळ्या वाटाड्यांना माहीत हवी. मेच्या शेवटी वळवाचं आभाळ गडगडायला लागलं तर मात्र या माणसानं उघड्या कड्यावर थांबू नये, आधी खाली उतरावं.

सेट भिजला, पडला, बॅटरी गेली, तर गळ्यात शिट्टी असू द्या. मिनिटाला सहा शिट्ट्या, मग मिनिटभर थांबून पुन्हा सहा, ही डोंगरात जगभर चालणारी मदतीची खूण आहे. उत्तर देणाऱ्यानं मिनिटाला तीन वाजवायच्या.

नवा सेट आणल्यावर पहिल्यांदा तो पाहुण्यांबरोबर नेऊ नका. पावसाळ्याआधी एखाद्या सकाळी दोघा-तिघांनी आपल्या नेहमीच्या वाटेवर जावं. एक जण गावात, एक जण चढत राहील. कुठं आवाज येतो, कुठं तुटतो, कुठल्या वळणानंतर परत येतो, ते वहीत लिहून घ्यावं. कळसूबाईच्या वाटेवर शिड्यांपाशी एक, माथ्यावर एक अशा नोंदी पुरतात. हीच वही पुढं नव्या पोरांना द्यावी.