मिठाची खिडकी आणि अदृश्य किरण

१/८
इ.स. १९६४. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत एका तरुण संशोधकाने कार्बन डायऑक्साइड वायूपासून लेसर निर्माण केला. त्याचे नाव कुमार पटेल. जन्म बारामतीचा, पदवी पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाची. या लेसरचा किरण डोळ्यांना न दिसणारा, १०.६ मायक्रोमीटर तरंगलांबीचा. मात्र तो नळीतून बाहेर यायचा, तर खिडकी कशाची बसवावी?

२/८
काच निरुपयोगी होती. सूर्यप्रकाशाला सहज वाट देणारी साधी काच सुमारे ५ मायक्रोमीटरपलीकडचे अवरक्त किरण जवळजवळ पूर्णपणे शोषून घेते. या किरणापुढे ती भिंतच.

३/८
या प्रश्नाचे पहिले उत्तर जुने होते. १८०० मध्ये विल्यम हर्शेल यांनी लोलकातून पसरलेल्या रंगपटात तांबड्या रंगाच्याही पलीकडे तापमापक ठेवला आणि पारा चढला. पुढे १८३० च्या दशकात इटलीच्या मेलोनी यांनी दाखवले, की ही अदृश्य उष्णता खनिज मिठातून, म्हणजे सैंधवातून, विनासायास पार होते.

४/८
परंतु मीठ ते मीठच. दमट हवेत त्याला पाणी सुटते, घासून लखलखीत केलेला पृष्ठभाग धुरकट होतो. धुरकट जागा किरण शोषते, तापते आणि अखेरीस स्फटिकाला तडा जातो.

५/८
इकडे लेसरचे बळ वाढतच होते. विद्युतप्रवाहाने कंप पावणारे नायट्रोजनचे रेणू आपली ऊर्जा कार्बन डायऑक्साइडला देतात, हे पटेल यांनी हेरले. मग मिश्रणात हेलियमही आला. १९६५ पर्यंत शक्ती शंभर वॅटच्या घरात पोहोचली.

६/८
जर्मेनियम पाण्याला दाद देत नाही. त्याचा शत्रू उष्णता. हा अर्धवाहक तापला की त्यात मुक्त विद्युतभार वाढतात. ते किरण शोषतात, त्यामुळे तो आणखी तापतो. १०० अंश सेल्सिअसच्या आसपास हे दुष्टचक्र आवरेनासे होते आणि खिडकी स्वतःच स्वतःचा घात करते.

७/८
तोडगा निघाला झिंक सेलेनाइडमध्ये. तापलेल्या भट्टीत जस्ताची वाफ आणि हायड्रोजन सेलेनाइड वायू यांच्या संयोगातून हा पिवळसर पदार्थ थरावर थर साचत जातो. तो पाण्यात विरघळत नाही, किरण अत्यल्प शोषतो. शिवाय दृश्य तांबडा प्रकाशही त्यातून जात असल्याने अदृश्य किरणाचा नेम धरता येतो.

८/८
तरीही तो मऊ. सहज ओरखडा उमटतो. बोटाचा एक ठसा वा धुळीचा कण तेवढ्याच जागी उष्णता साठवतो आणि भिंग जळते. पटेल यांना १९९६ मध्ये अमेरिकेचे राष्ट्रीय विज्ञान पदक लाभले. त्यांचा लेसर आज पोलाद कापतो, शस्त्रक्रियाही करतो. पण त्याच्या सामर्थ्याची मर्यादा पुष्कळदा ठरते ती वाटेतल्या भिंगावरून. म्हणूनच पोलाद कापणाऱ्या यंत्राचे भिंग आजही हातमोजे घालूनच उचलतात.