साखरेची तपासणी उंबऱ्यापर्यंत कशी आली

साखरेचा आजार जुना. सुश्रुतसंहितेतही मधुमेह आहे. इन्सुलिन मात्र रुग्णाला पहिल्यांदा मिळालं १९२२ साली, कॅनडात. औषध आलं, पण खेड्यात घरोघरी विचारपूस करणार कोण?

वाट दाखवली आपल्या जामखेडनं. १९७० साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी तिथं काम सुरू केलं. गावातल्याच बायांना त्यांनी आरोग्यसेविका म्हणून तयार केलं. कित्येकींना अक्षरओळखही नव्हती, तरी बाळंतपणापासून कुष्ठरोगापर्यंत त्या शिकल्या.

पुढे २००५ पासून देशभर आशाताई आल्या. २०१० साली मधुमेहासाठी राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. आता तिशीच्या पुढच्या प्रत्येकाचा फॉर्म आशाताई भरतात. बाईची कंबर ८० सेंटिमीटरच्या वर गेली, की धोक्याचा गुण पडतो. मग उपकेंद्रात रक्त तपासायचं.

आपण मात्र घरातल्या सगळ्यांची माहिती देतो आणि स्वतःची पाळी आली की म्हणतो, "मला काय धाड भरलीय?" साखर गुपचूप वाढते, डोळे, किडनी, पाय पोखरते. बायांनीच चालून चालून ही तपासणी उंबऱ्यापर्यंत आणलीय. येत्या बचतीच्या बैठकीला आशाताईंना बोलावू या. टेप आधी आपल्या कंबरेला लावू या.