वीजमंत्र्याचे न्यायासन

अमेरिकेतील ॲरिझोना, जॉर्जिया, लुइझियाना, अलाबामा अशा काही राज्यांत विजेचे दर ठरविणाऱ्या आयोगाचे सभासद मतदार निवडून देतात. असा निवडून आलेला सभासद पुढे न्यायाधीश झाला, तर तेथे कोणी फारसे चकित होत नाही, कारण पुष्कळ राज्यांत न्यायाधीशाची निवडही मतपेटीतूनच होते. आपल्याकडे यांपैकी कोणतीच प्रथा नाही. दर ठरविणारा नेमलेला असतो आणि न्याय देणाराही नेमलेलाच असतो. आमलीच्या वीजग्राहकाचा दर गुरुग्रामला कार्यालय असलेला संयुक्त विद्युत नियामक आयोग ठरवितो. केंद्रशासित प्रदेशांसाठी २००५ साली स्थापन झालेल्या या आयोगात २००८ साली गोवाही सामील झाला. त्याच्या सभासदांची नावे आपल्यापैकी कितीजणांना सांगता येतील?

तथापि, मतदारांनी निवडून दिलेला, वीज आणि पाणी यांचा कारभार स्वतः पाहिलेला आणि नंतर सर्वोच्च न्यायालयाच्या आसनावर बसलेला एक मनुष्य आपल्या देशातही होऊन गेला. त्यांचे नाव व्ही. आर. कृष्ण अय्यर. ते मराठी नव्हते. परंतु त्यांच्या कारकिर्दीचे धागे मुंबईशी आणि मराठी न्यायमूर्तींशी वारंवार गुंतलेले आढळतात.

१५ नोव्हेंबर १९१५ रोजी पालघाटजवळ त्यांचा जन्म झाला. मलबारात तेल्लिचेरी येथे त्यांनी वकिली केली. शेतकरी आणि कामगार यांचे खटले ते चालवीत. कम्युनिस्टांना साहाय्य केल्याच्या आरोपावरून १९४८ साली त्यांना सुमारे महिनाभर तुरुंगवास घडला. १९५२ साली ते मद्रास विधानसभेवर निवडून आले. १९५७ साली कम्युनिस्टांच्या पाठिंब्याने, पण अपक्ष म्हणून, ते केरळच्या विधानसभेत गेले आणि नंबुद्रिपाद मंत्रिमंडळात मंत्री झाले. त्यांच्याकडील खात्यांत कायदा, तुरुंग, पाटबंधारे आणि वीज यांचा समावेश होता.

त्या वेळी नियामक आयोग ही वस्तूच अस्तित्वात नव्हती. काकासाहेब गाडगीळ केंद्रात वीजखाते सांभाळीत असताना १९४८ साली जो वीजपुरवठा कायदा झाला, त्यानुसार राज्याराज्यांत वीज मंडळे उभी राहिली. केरळचे मंडळ ३१ मार्च १९५७ रोजी स्थापन झाले आणि त्यानंतर पाचच दिवसांनी नवे मंत्रिमंडळ सत्तेवर आले. कागदोपत्री दर मंडळाने ठरवायचे असत. पण मंडळाला धोरणविषयक निर्देश देण्याचा अधिकार सरकारला होता, आणि मंडळावर माणसे नेमणारेही सरकारच होते. ज्याने सरकारी कचेरीत आयुष्य घालविले आहे, त्याला या व्यवस्थेचा अर्थ फोड करून सांगावा लागत नाही. कृषिपंपाला कोणत्या भावाने वीज द्यावयाची आणि कारखान्याला कोणत्या, हा प्रश्न अखेर निवडून आलेल्या मंत्र्याच्या मेजावरच येऊन पडे.

हे मंत्रिमंडळ ३१ जुलै १९५९ रोजी बरखास्त झाले. त्या वेळी काँग्रेसच्या अध्यक्षपदी इंदिरा गांधी होत्या, हे पुढील कथेसाठी ध्यानात ठेवावे. १९६० च्या निवडणुकीत कृष्ण अय्यर अवघ्या सात मतांनी पडले. न्यायालयात दाद मागितल्यावर जागा त्यांना परत मिळाली. १९६५ च्या पराभवानंतर ते पुन्हा वकिलीकडे वळले, आणि १९६८ साली केरळ उच्च न्यायालयाचे न्यायाधीश झाले.

१९७३ साली त्यांना सर्वोच्च न्यायालयात नेमण्याची वार्ता आली, तेव्हा मुंबईच्या नामांकित वकिलांनी तीव्र विरोध केला. माजी मंत्री, तोही डाव्या गोटातला, नि:पक्ष कसा राहील, ही त्यांची शंका होती. शंका गैरवाजवी नव्हती. त्याच वर्षी तीन ज्येष्ठ न्यायमूर्तींना डावलून सरन्यायाधीश नेमला गेला होता आणि सरकारला ‘बांधिलकी’ मानणारे न्यायाधीश हवे आहेत, अशी उघड चर्चा होती. विरोधकांपैकी सोली सोराबजी यांनी मात्र पुढे आपले मत पूर्णपणे बदलल्याचे मोकळेपणाने सांगितले.

हे मतपरिवर्तन का झाले असावे, ते जून १९७५ च्या घटनांवरून कळते. अलाहाबाद उच्च न्यायालयाने इंदिरा गांधींची निवडणूक रद्द ठरविली होती. सर्वोच्च न्यायालयाला उन्हाळी सुटी होती आणि सुटीतील न्यायाधीश होते कृष्ण अय्यर. कायदामंत्री ह. रा. गोखले यांनी त्यांना दूरध्वनी करून भेटीची वेळ मागितली. गोखले यांचा प्रवास नेमका उलट दिशेचा: ते आधी मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायाधीश आणि नंतर निवडून आलेले मंत्री. अपिलासंबंधी भेटायचे आहे हे कळताच कृष्ण अय्यर यांनी, अपील कचेरीत रीतसर दाखल करावे, भेटीचे कारण नाही, असे उत्तर दिले. २४ जूनला त्यांनी सशर्त स्थगिती दिली: पंतप्रधानपदी राहता येईल, पण खासदार म्हणून मतदान करता येणार नाही आणि वेतन घेता येणार नाही. ज्यांच्या पक्षाने आपले मंत्रिमंडळ घालविले त्यांच्यावर सूड नाही, आणि ज्यांच्या सरकारने आपल्याला नेमले त्यांना पूर्ण सवलतही नाही. दुसऱ्याच दिवशी आणीबाणी आली.

परंतु राजकीय खटल्यांपेक्षा मला त्यांचे नागरी सेवांविषयीचे निकाल अधिक बोलके वाटतात. बंगलोरच्या पाणीपुरवठा मंडळाने राजप्पा व अन्य काही कामगारांना गैरवर्तनाबद्दल दंड करून ती रक्कम वसूल केली. कामगार औद्योगिक कायद्याखाली दाद मागू लागले. मंडळ म्हणाले, आम्ही नागरिकांना पाणी देतो, हे राज्यसंस्थेचे कार्य आहे. आम्ही ‘उद्योग’ नव्हेच. सात न्यायमूर्तींपुढे चाललेल्या या खटल्यात २१ फेब्रुवारी १९७८ रोजी कृष्ण अय्यर यांनी मुख्य निकालपत्र दिले. पद्धतशीर काम, मालक आणि कामगार यांचे सहकार्य, आणि माणसांच्या गरजा भागविणाऱ्या वस्तूंची वा सेवांची निर्मिती किंवा वाटप, या तीन कसोट्या उतरल्या की तो उद्योग. मग नफा असो वा नसो. पाणीखाते सांभाळलेल्या माणसाला नळाच्या मागे उभा असलेला मजूर दिसत होता. याच पीठावर दोन मराठी न्यायमूर्ती होते. यशवंतराव चंद्रचूड यांनी बहुमताला साथ दिली, तर तुळजापूरकर यांनी जसवंत सिंग यांच्यासह विरोधी मत नोंदविले. या कसोटीच्या जाळ्यात इस्पितळे, महाविद्यालये, क्लबही सापडले. तेथे मात्र न्यायाधीशाच्या लेखणीने विधिमंडळाचे काम करून टाकले असे माझे मत आहे. १९८२ साली संसदेने व्याख्या बदलली, पण तो बदल कधी अंमलात आला नाही.

दुसरा निकाल रतलामचा, जुलै १९८० मधला. उघडी गटारे, मद्यार्काच्या कारखान्याचे सांडपाणी, शौचकूप नसल्याने होणारी घाण यांनी तेथील रहिवासी त्रासले होते. नगरपालिका पैसा नाही म्हणून हात वर करीत होती. निधीची चणचण हे वैधानिक कर्तव्य टाळण्याचे कारण होऊ शकत नाही, असे न्यायालयाने बजावले. ही सबब किती सहज पुढे केली जाते हे माजी मंत्र्याला अनुभवाने ठाऊक असणार. ‘अनुदान उपलब्ध नाही’ हा शेरा किती फायलींवर पाहिला, याची मलाही मोजदाद नाही.

तिसरा निकाल १९७७ चा, कर्नाटकातील खाजगी बसगाड्या सरकारने ताब्यात घेतल्याबद्दलचा. त्यात कृष्ण अय्यर यांनी स्वतंत्र निकालपत्रात खाजगी मालमत्ताही समाजाच्या भौतिक साधनांत मोडते, असे व्यापक प्रतिपादन केले. बहुमताने तेव्हाच त्यापासून अंतर राखले होते. मुंबईतील जुन्या इमारतींच्या संपादनाच्या खटल्यात ५ नोव्हेंबर २०२४ रोजी नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने, धनंजय चंद्रचूड यांच्या बहुमताच्या निकालपत्रातून, हा विचार अमान्य केला. कृष्ण अय्यर यांच्या भूमिकेवरील टीकेचा सूर मात्र न्यायमूर्ती नागरत्ना आणि धुलिया यांना रुचला नाही, आणि त्यांनी तसे लेखी नोंदविले. मला निकाल पटतो आणि त्या दोघांची नापसंतीही पटते. ज्या काळात बस, वीज, पाणी सर्व सरकारी हाती जाणे हाच प्रगतीचा मार्ग वाटत होता, त्या काळाचे ते अपत्य होते.

आता काळाने वळण घेतले आहे. दादरा-नगर हवेलीच्या वीजवितरणातील ५१ टक्के हिस्सा १ एप्रिल २०२२ पासून टोरेंट या खाजगी कंपनीकडे गेला. २००३ च्या वीज कायद्यानुसार उच्च न्यायालयाचा न्यायाधीश आयोगाचा अध्यक्ष होऊ शकतो. तो व्हावाच असे बंधन नाही, पण कायद्याचा जाणकार एक तरी सभासद असलाच पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०१८ मध्ये ठरविले. म्हणजे वीजखात्याकडून न्यायासनाकडे जाणारी वाट आज उलट चालू आहे. दरवाढीच्या प्रस्तावावर जाहीर सुनावणी घेतली जाते, आणि तेथे कोणाही ग्राहकाला उभे राहून हरकत मांडता येते. तिच्यासाठी मताचा अधिकार लागत नाही, वीजबिल पुरते.