'पुनर्वापर' या शब्दाआड : खाद्यवेष्टनांचा एक इतिहास

मराठी वृत्तपत्रांत 'पुनर्वापर' हा शब्द दोन अगदी भिन्न क्रियांसाठी सर्रास वापरला जातो. दुधाची काचेची बाटली धुऊन तिच्यात पुन्हा दूध भरणे हाही पुनर्वापर, आणि दुधाची रिकामी पिशवी वितळवून तिच्यापासून काळा पाइप काढणे हाही पुनर्वापरच. वास्तविक पहिल्या क्रियेत वस्तू टिकते. दुसऱ्या क्रियेत वस्तू नाहीशी होते आणि तिचे द्रव्य तेवढे उरते, तेही पूर्वीपेक्षा हिणकस होऊन. या दुसऱ्या क्रियेसाठी 'पुनर्चक्रीकरण' असा शब्द घडवला गेला, पण तो बोजड असल्याने पाठ्यपुस्तकांबाहेर फारसा रुळला नाही. हा केवळ परिभाषेचा प्रश्न असता तर भाषेच्या अध्यापकांनी आपापसात वाद घालून तो सोडवला असता. परंतु या दोन क्रिया एकाच शब्दाखाली झाकल्या गेल्यामुळे गेल्या पाऊणशे वर्षांत आपल्या अन्नाच्या वेष्टनांत नेमका कोणता बदल झाला आणि त्याचा भार कोणावर पडला, हेही झाकले गेले आहे. प्रस्तुत लेखात तो बदल उलगडून पाहण्याचा प्रयत्न आहे.

प्लास्टिकपूर्व काळातल्या आपल्या वेष्टनांची नावे आठवून पाहावीत : पुडी, पुडा, द्रोण, पत्रावळ, केळीचे पान, बरणी, डबा. यांचे सरळ दोन वर्ग पडतात. पाने आणि कागद काम संपताच कुजून जाणारे किंवा चुलीत जाणारे. बरण्या आणि डबे वर्षानुवर्षे घरात राहणारे. त्यांच्या मधल्या वस्तूंसाठी माणसे होती. जुने कपडे घेऊन भांडी देणारी बोहारीण, रद्दीवाला, भंगारवाला, पितळी भांड्यांना नवे आयुष्य देणारा कल्हईवाला. या व्यवस्थेला कोणी पर्यावरणवाद म्हटले नाही, आणि तसे म्हणणे बरोबरही ठरले नसते. ती टंचाईतून आली होती. प्रत्येक टाकाऊ वस्तूला काही ना काही भाव होता, म्हणून ती उचलली जात होती. पुढे जे घडले ते समजण्यासाठी भावाची ही गोष्ट ध्यानात ठेवणे आवश्यक आहे.

तसेच त्या जुन्या काळाचे उदात्तीकरण करण्याचेही कारण नाही. सुटा माल म्हणजे शुद्ध माल, असे समीकरण कधीच नव्हते. १९९८ साली दिल्लीत धोतऱ्याच्या जातीच्या नव्हे, तर पिवळ्या काटेधोतऱ्याच्या बियांच्या तेलाची भेसळ असलेले मोहरीचे तेल खाऊन जलशोथाची साथ आली आणि साठाहून अधिक माणसे दगावली. त्यानंतर सुट्या खाद्यतेलाच्या विक्रीवर निर्बंध आले. बंद वेष्टन ही त्या वेळी चैन नव्हती, संरक्षण होते. दुधाच्या बाबतीतही तेच. १९४९ साली मुंबईत आरे दुग्ध वसाहत उभी राहिली आणि काचेच्या बाटल्यांतून दूध घरोघर पोहोचू लागले. रिकामी बाटली दिल्याखेरीज भरलेली मिळत नसे. पुढे 'दूध महापूर' योजनेच्या, म्हणजे १९७० नंतरच्या काळात, दुधाचा पसारा इतका वाढला की जड, फुटणारी, गोळा करून धुवावी लागणारी बाटली त्याला पुरी पडेना. तिची जागा हळूहळू पॉलिथिनच्या पिशवीने घेतली. पिशवीने दूध स्वस्तात आणि दूरवर पोहोचवले, हे नाकारता येत नाही. पण याच टप्प्यावर एक साखळी तुटली. बाटली दुग्धशाळेत परत जात होती. पिशवी कुठेच परत जात नाही. तिचे पुढे काय होते, याच्याशी दुग्धशाळेचा संबंध संपला.

हा संबंध संपणे अपघाताने घडलेले नाही, आणि त्याची सुरुवात भारतात झालेली नाही. पॉलिथिनचा शोध इंग्लंडमध्ये १९३३ साली एका रासायनिक कंपनीच्या प्रयोगशाळेत लागला. दुसऱ्या महायुद्धात रडारच्या तारांचे आवरण म्हणून ते उपयोगी पडले आणि युद्ध संपल्यावर कारखान्यांना नवे गिऱ्हाईक हवे झाले. टिकाऊ वस्तू एकदाच विकली जाते, टाकाऊ वस्तू रोज विकली जाते, हे गणित उद्योगाच्या लवकरच लक्षात आले. १९५६ साली अमेरिकेतील प्लास्टिक उत्पादकांच्या एका परिषदेत वेष्टनविषयक नियतकालिकाचे संपादक लॉइड स्टाउफर यांनी प्लास्टिकचे भवितव्य कचऱ्याच्या डब्यात आहे, अशा आशयाचे प्रतिपादन केले. ते टीका म्हणून नव्हे, सल्ला म्हणून. त्याआधी १९५३ साली व्हरमाँट राज्याने बिअरच्या परत न घेतल्या जाणाऱ्या बाटल्यांवर बंदी घालणारा कायदा केला होता; तो चार वर्षांत लोप पावला. त्याच १९५३ साली वेष्टन आणि पेय उद्योगांच्या पुढाकाराने 'कीप अमेरिका ब्यूटिफुल' ही संस्था स्थापन झाली. कचरा हा कचरा टाकणाऱ्या नागरिकाचा दोष आहे, हा विचार लोकमानसात रुजवण्यात तिचा वाटा मोठा आहे. वस्तू कोणी घडवली हा प्रश्न मागे पडून वस्तू कोणी टाकली हा प्रश्न पुढे आला.

या इतिहासातले सर्वांत परिचित चिन्ह म्हणजे तीन बाणांचा त्रिकोण. १९७० साली पहिल्या वसुंधरा दिनाच्या निमित्ताने कागदी खोकी बनवणाऱ्या एका अमेरिकन कंपनीने स्पर्धा घेतली आणि गॅरी अँडरसन या विद्यार्थ्याच्या आकृतीला पारितोषिक मिळाले. म्हणजे हे चिन्ह मुळात कागदासाठी होते. १९८८ साली अमेरिकेतील प्लास्टिक उद्योगाच्या संघटनेने त्याच बाणांच्या त्रिकोणात १ ते ७ हे आकडे घालून ते आपल्या वस्तूंवर छापण्यास सुरुवात केली. आकडा फक्त प्लास्टिकचा प्रकार सांगतो : १ म्हणजे पाण्याच्या बाटलीचे पेट, २ आणि ४ म्हणजे पॉलिथिनचे दोन प्रकार, ५ म्हणजे पॉलिप्रोपिलीन आणि ७ म्हणजे 'इतर सर्व'. ही वस्तू खरोखर पुनर्चक्रीत होते की नाही, याविषयी तो आकडा काहीच सांगत नाही. पण बाण बोलतात. २०१३ साली अमेरिकेतील मानक ठरवणाऱ्या संस्थेने बाण काढून साधा भरीव त्रिकोण वापरण्याचे ठरवले, तोवर पाव शतक लोटले होते आणि चिन्हाने आपले काम केले होते. ग्राहकाने पुडा टाकताना त्यावरचा त्रिकोण पाहिला आणि त्याच्या मनातली बोच गेली.

'इतर सर्व' या सातव्या वर्गातच आपल्या रोजच्या खाद्यवेष्टनांतला मोठा भाग मोडतो. वेफर्सच्या पुड्याचे उदाहरण घ्या. हाताला तो एकच पदर वाटतो, परंतु त्यात साधारणपणे तीन तरी थर असतात. बाहेर छपाई पेलणारा आणि बळकटी देणारा पेट किंवा पॉलिप्रोपिलीनचा थर, मध्ये ओलावा, उजेड आणि हवा अडवणारा ॲल्युमिनिअमचा अतिसूक्ष्म लेप, आत उष्णतेने चिकटून तोंड बंद करणारा पॉलिथिनचा थर. आत नायट्रोजन भरला की पदार्थ महिनोन्महिने कुरकुरीत राहतो. अभियांत्रिकीच्या दृष्टीने ही कामगिरी थोर आहे. मात्र ज्या गुणामुळे हा पुडा अन्न टिकवतो, त्याच गुणामुळे तो पुनर्चक्रीकरणाला दाद देत नाही. पॉलिथिन सव्वाशे अंश सेल्सिअसच्या आसपास वितळते, पेटला अडीचशेच्या वर जावे लागते. एकत्र वितळवले तर एक द्रव्य कच्चे राहते किंवा दुसरे करपते, आणि थर सुटे करण्याचा खर्च मिळणाऱ्या मालापेक्षा जास्त होतो. दुधाची पिशवी निदान एकाच कुळातल्या पॉलिथिनची असते, म्हणून तिला भंगारात भाव आहे. वेफर्सच्या पुड्याला नाही.

जे वितळते, त्याचेही चक्र पूर्ण होत नाही. प्रत्येक वितळणीत प्लास्टिकच्या लांब रेणुसाखळ्या तुटतात, रंग मिसळून काळपट होतात. पेटच्या बाटलीची पुन्हा बाटली होण्यापेक्षा तिचा धागा होण्याची शक्यता अधिक, आणि त्या धाग्याच्या सदऱ्याला पुढचा जन्म नाही. शिवाय अन्नाला स्पर्श करणाऱ्या वस्तूत कोणते अंश राहिले असतील याची खात्री देता येत नाही, म्हणून १९९९च्या केंद्रीय नियमांनी पुनर्चक्रीत प्लास्टिकच्या पिशव्या आणि डबे खाद्यपदार्थांसाठी वापरण्यास मनाई केली. ही मनाई रास्तच होती. पेटपुरती वाट मोकळी करणारी मार्गदर्शक तत्त्वे अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०२२ साली काढली. म्हणजे कित्येक वर्षे आपल्याकडे खाद्यवेष्टनापासून पुन्हा खाद्यवेष्टन बनवणे नियमानेच अशक्य होते, आणि प्रत्येक नव्या पुड्यासाठी नवे प्लास्टिकच लागत होते. २०१७ साली गेयर, जॅमबेक आणि लॉ या संशोधकांनी जगाचा हिशेब मांडला : २०१५पर्यंत सुमारे ८.३ अब्ज टन प्लास्टिक निर्माण झाले. त्यातून झालेल्या कचऱ्यापैकी पुनर्चक्रीकरण झाले ते जेमतेम ९ टक्क्यांचे.

हा हिशेब अहवालात मांडण्याआधीच जी माणसे जाणत होती, ती म्हणजे कचरा वेचणाऱ्या स्त्रिया. पुण्यात १९९३ साली बाबा आढाव यांच्या नेतृत्वाखाली 'कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत' स्थापन झाली. तिच्यातूनच पुढे घरोघर कचरा गोळा करणारी 'स्वच्छ' ही सहकारी संस्था उभी राहिली. या कामातल्या बहुसंख्य स्त्रिया दलित समाजातल्या. संघटनेचे नावच पाहावे : कागद, काच, पत्रा. ज्यांना भाव आहे आणि ज्यांचे चक्र फिरते, अशा द्रव्यांची ती यादी आहे. ढिगातून काय उचलायचे आणि काय सोडायचे याचा या स्त्रियांचा निवाडा हा पुनर्चक्रीकरणाच्या मर्यादेचा सर्वांत खरा दाखला होय. बहुस्तरीय पुडा हाताळायचा, वेगळा करायचा, आणि त्याचे मोल मात्र शून्य. ज्या श्रमावर भारतातले पुनर्चक्रीकरण उभे आहे, त्या श्रमाच्या वाट्याला अशा पुड्यांमुळे फक्त ओझे येते. ते ओझे शहराबाहेरच्या कचरा डेपोंत जाऊन साचते, आणि त्याच्या धुराचा व दुर्गंधीचा भोग शेजारच्या वस्त्यांना भोगावा लागतो.

कायद्यांनी या बाबतीत काय केले? २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, मुंबई बुडाली, आणि तुंबलेल्या गटारांचा दोष प्लास्टिकच्या पिशव्यांवर आला. २००६च्या राज्य नियमांनी ५० मायक्रॉनहून पातळ पिशव्यांना मनाई केली. पुढचे महत्त्वाचे वर्ष २०१८. महाराष्ट्राने २३ मार्च रोजी व्यापक बंदीची अधिसूचना काढली, परंतु कारखान्यातच बंद होऊन येणारी वेष्टने तिच्यातून सुटली. हॉटेलवाल्याचा पातळ डबा गुन्हा ठरला, वेफर्सचा पुडा नाही. दुधाच्या पिशवीवर ५० पैसे अनामत ठेवून ती परत घेण्याची तरतूद मात्र होती. जुन्या बाटलीचे तत्त्वच ते. पण ते व्यवहारात रुजले नाही. यानंतर चारच दिवसांनी केंद्राने २०१६च्या आपल्या नियमांत दुरुस्ती केली. मूळ नियमात पुनर्चक्रीकरण न होणारे बहुस्तरीय प्लास्टिक दोन वर्षांत बंद करावे, असे म्हटले होते. दुरुस्तीने त्याला जोड दिली : ज्याचे पुनर्चक्रीकरण होत नाही, किंवा ज्यापासून ऊर्जा मिळत नाही, किंवा ज्याला अन्य उपयोग नाही, असे प्लास्टिक. जे जळते त्यापासून ऊर्जा मिळतेच. एका शब्दसमूहाने बंदीचे टोक बोथट झाले. शब्दांचा अभ्यास करणाऱ्यांनी अशी कलमे कवितेइतक्याच बारकाईने वाचायला हवीत.

आज या पुड्यांतले जे गोळा होते, त्यातले पुष्कळसे सिमेंटच्या भट्ट्यांत जळते किंवा डांबरात मिसळून रस्त्यांत जाते. उघड्यावर पेटवण्यापेक्षा हे निश्चितच बरे. परंतु याला चक्र म्हणता येणार नाही. फेब्रुवारी २०२२च्या केंद्रीय मार्गदर्शक तत्त्वांनी उत्पादकांवर जबाबदारी टाकली आहे आणि बहुस्तरीय वेष्टनांसाठी २०२७-२८पासून ६० टक्के पुनर्चक्रीकरणाचे लक्ष्य ठेवले आहे. दिशा योग्य आहे. मात्र पुड्याची रचना तीच राहिली तर हे लक्ष्य कागदावर गाठले जाण्याचा धोका अधिक. ऑगस्ट २०२५मध्ये जिनिव्हा येथे प्लास्टिकविषयक जागतिक कराराच्या वाटाघाटी निष्फळ ठरल्या, त्यातही कळीचा मुद्दा हाच होता : निर्मितीला मर्यादा घालायची, की फक्त कचऱ्याची विल्हेवाट सुधारायची? मर्यादेला विरोध करणाऱ्यांत भारतही होता.

तेव्हा 'पुनर्वापर' हा शब्द पुढे आला की निदान एवढे विचारावे : काय परत येणार आहे, वस्तू की नुसते द्रव्य? परत घेणार कोण, आणि उचलणाऱ्याला त्याचे काय मिळणार? या प्रश्नांची उत्तरे वेष्टन घडवणाऱ्याने ते घडवण्याआधी द्यायला हवीत. बरणी आणि बाटलीच्या काळात ती वस्तूतच होती. आज ती मागून घ्यावी लागतील, आणि ती मिळेपर्यंत पुड्यावरच्या त्रिकोणाला उत्तर मानण्याचे आपण थांबवले पाहिजे.