पन्नासचा ठेका

1980च्या दशकात डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सने ब्रिटनचा झेडएक्स स्पेक्ट्रम ‘डीबी स्पेक्ट्रम प्लस’ या नावाने भारतात विकला. त्याला वेगळा मॉनिटर लागत नसे, घरातला टीव्ही पुरे. त्या टीव्हीवर चित्र सेकंदाला 50 वेळा उमटे, कारण ब्रिटनची वीज 50 हर्ट्झची आणि टीव्हीचे माप विजेवरून ठरलेले. आमच्या कागलला येणारी वीजही 50चीच. म्हणून तिथे लिहिलेला खेळ इथल्या टीव्हीवर त्याच वेगाने चाले.

या संगणकाचे बरेच खेळ त्या 50च्या ठेक्यावरच बांधलेले. आजचे बहुतेक मॉनिटर 60चे, म्हणजे मूळ अमेरिकेच्या मापाचे. जुना संगणक त्यांना जोडला, की दर पाच चित्रांमागे एक दोनदा दिसते आणि पडद्यावर पळणारा माणूस अडखळतो. संगणक अस्सल असतो, खेळही अस्सल. चाल मात्र बदललेली असते.

कागलमध्ये पिक्चर ट्यूबचे टीव्ही भंगारात जाताना मी पाहतो. संगणक कपाटात जपून इतिहास अर्धाच उरतो. चालू टीव्ही असेल तर किलोवर देऊ नका. नसेलच, तर 50 हर्ट्झ स्वीकारणारा मॉनिटर विचारून घ्या.