डोडो, टर्की आणि न पेरलेल्या बिया

डोडो नामशेष झाला आणि त्याच्यामुळे एक झाडही संपत चाललं, ही गोष्ट तुम्ही कुठेतरी वाचली असेल. मी तर बी.एस्सी.ला सहजीवनाचं उदाहरण म्हणून ती पाठच केली होती. पण ती ज्या प्रयोगावर उभी आहे, तो प्रयोग अर्धाच झाला होता.

हिंदी महासागरातल्या मास्करेन बेटांपैकी मॉरिशसवर तांबालाकोक नावाचं झाड आहे. जगात फक्त तिथेच. आपल्या चिकूच्या आणि मोहाच्या कुळातलं, पण फळातली कोय दगडासारखी टणक. १५९८ मध्ये डच या बेटावर उतरले आणि पुढच्या शंभरेक वर्षांत डोडो संपला.

१९७७ मध्ये स्टॅन्ली टेम्पल यांनी ‘सायन्स’मध्ये एक छोटा पेपर लिहिला. त्यांच्या मते तांबालाकोकची १३च झाडं उरली होती आणि ती सगळी ३०० वर्षांहून जुनी होती. म्हणजे डोडो गेल्यावर नवीन झाड आलंच नाही. कोय डोडोच्या पोटात घासली गेल्याशिवाय ती रुजत नसावी. हे तपासायला त्यांनी टर्की पक्ष्यांना १७ कोया चारल्या. ७ पोटातच फुटल्या, १० शाबूत बाहेर आल्या, त्यातल्या ३ रुजल्या.

आता सांगा, टर्कीला न चारलेल्या कोयांपैकी किती रुजल्या? उत्तर नाही, कारण त्या पेरल्याच नव्हत्या. कंट्रोलच नव्हता.

१९७९ मध्ये मॉरिशसच्या वनखात्याचे ओवाडली यांनी ‘सायन्स’मध्येच कळवलं, की आमच्या रोपवाटिकेत पक्ष्याच्या मदतीशिवाय रोपं येतात. ही कोय एका ठरावीक रेषेवर आपोआप उकलते, हे हिल यांनी १९४१ मध्येच लिहून ठेवलं होतं. झाडांच्या वयाचंही तेच. या लाकडात वय मोजता येतील अशी वार्षिक वलयं नसतात, मग ३०० हा आकडा अंदाजच ठरतो. १९९१ मध्ये विटमर आणि चीक यांनी हे सगळं एकत्र मांडून टेम्पल यांचा दावा टिकत नाही असं दाखवलं.

मग झाडं कमी का झाली? जंगल तोडलं गेलं, माणसाने आणलेली माकडं कच्ची फळं ओरबाडतात, डुकरं आणि हरणं रोपं टिकू देत नाहीत, बाहेरून आलेल्या पेरूच्या जातीने रान व्यापलं. हा फरक नुसता पुस्तकी नाही. दोष डोडोच्या नसण्याला दिला तर आपण टर्की शोधत बसणार. खरं कारण कळलं तर कुंपण घालणार, तण काढणार.

टेम्पल यांची कल्पना वाईट नव्हती, ती तपासण्याजोगीच होती. म्हणून सिनॉप्सिस लिहिताना दोन गोष्टी बघा: तुमच्या प्रयोगातल्या ‘न चारलेल्या’ बिया कुठे आहेत, आणि तुमचा १९४१चा पेपर कुठल्या कपाटात पडून आहे? तो पेपर ३६ वर्षं उपलब्ध होता.