फुलरीन म्हणजे काय? काजळीतला फुटबॉल आणि कार्बन-१३ ची खूण

फुलरीन म्हणजे फक्त कार्बनच्या अणूंचा बनलेला, आतून पोकळ रेणू. सगळ्यात प्रसिद्ध सी-६०: ६० अणू, १२ पंचकोन, २० षटकोन, अगदी फुटबॉलसारखा. १९८५ मध्ये अमेरिकेतल्या राइस विद्यापीठात क्रोटो, कर्ल आणि स्मॉली यांनी तो शोधला आणि १९९६ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळवलं. पण सुरुवातीला तो इतका कमी मिळायचा की फुटबॉलचा आकार हा फक्त अंदाज होता. मग पुरावा कसा मिळाला?

तयार कसा होतो?

कमी दाबाच्या हेलियममध्ये ग्रॅफाइटच्या कांड्यांतून जोरदार करंट सोडतात. कार्बनची वाफ होते आणि थंड होताना काजळी जमते. या काजळीत सी-६०, रग्बी बॉलसारखा लांबट सी-७० आणि बराचसा अस्ताव्यस्त कार्बन असतो. बेंझिनमध्ये फुलरीन विरघळतं, बाकीचा गाळ उरतो.

कार्बन-१३ कशाला?

कार्बन-१२ मध्ये ६ न्यूट्रॉन, तर त्याचाच समस्थानिक असलेल्या कार्बन-१३ मध्ये ७. निसर्गात हा जड भाऊ फक्त १.१ टक्के.

१९८९ मध्ये क्रेचमर आणि हफमन यांच्या टीमला काजळीच्या इन्फ्रारेड वर्णपटात चार ठळक रेषा दिसल्या. सी-६० साठी थिअरीनेही चारच सांगितल्या होत्या! पण त्या कुठल्यातरी भेसळीच्या असल्या तर? म्हणून त्यांनी कार्बन-१३ पासून काजळी बनवली. जड अणू हळू थरथरतात, त्यामुळे शुद्ध कार्बनच्या रेषा सुमारे ४ टक्के खाली सरकायला हव्यात. तशाच सरकल्या. मी कोड डीबग करताना हेच करतो: एकच गोष्ट बदलायची, बाकी सगळं तसंच ठेवायचं.

१९९० मध्ये क्रोटो यांच्या ससेक्समधल्या गटाने कार्बन-१३ चं एनएमआर पाहिलं. सी-६० ची एकच रेषा! म्हणजे सगळे ६० अणू एकसारख्या जागी. फुटबॉल पक्का झाला.

स्वतः करून बघा

मोबाईलच्या कॅल्क्युलेटरवर ०.९८९ चा ६० वा घात काढा. उत्तर साधारण ०.५१. म्हणजे साध्या ग्रॅफाइटपासून बनलेल्या सी-६० पैकी जेमतेम निम्मे रेणूच पूर्ण कार्बन-१२ चे, वस्तुमान ७२०. सुमारे ३४ टक्के रेणूंत एक कार्बन-१३ असतो, वस्तुमान ७२१. फुटबॉल तोच, वजन मात्र थोडं वेगळं!